चंपाषष्ठीचे भरीत

कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की मुंबई-आग्रा महामार्गावर घोटी लागते. पश्चिमेकडे सह्याद्रीची धार, दक्षिणेस १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, आणि गावात शिरताच नजरेस पडणाऱ्या भात गिरण्या ही या गावाची ओळख होय. इगतपुरी तालुका हा नाशिक जिल्ह्यातील अतिवृष्टीचा प्रदेश. पावसाळ्याचे चार महिने येथील शिवार भातखाचरांनी व्यापलेले असते, तर डोंगरउतारावर नागली, वरई आणि खुरासणी उभी असते. आसपासच्या वाड्यापाड्यांवरील महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजाची मंडळी मीठ-मिरचीपासून कापडापर्यंतच्या खरेदीसाठी घोटीसच येतात. दिवाळीनंतर भाताच्या गाड्या गिरण्यांकडे लागतात आणि मार्गशीर्ष उजाडता उजाडता बाजाराचे रूप पालटते. भाजीच्या रांगांतून मोठी, जांभळी, तुकतुकीत वांगी मांडली जातात. त्यांच्याशेजारी कांद्याच्या पातीच्या जुड्या, ओला लसूण व हिरव्या मिरचीचे ढीग लागतात. चंपाषष्ठी जवळ आली हे पंचांग न उघडताही त्यावरून कळते.

महाराष्ट्रातील अनेक घरांत चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य मानण्याची प्रथा आहे. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, हे पदार्थ मनसोक्त खाऊन घ्यावयाचे आणि नंतर चार महिने त्यांना हात लावावयाचा नाही, असा हा शिरस्ता. काही घरांत कार्तिकी एकादशीनंतर हा नियम सुटतो. परंतु ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे अशा असंख्य कुटुंबांत तो चंपाषष्ठीपर्यंत पाळला जातो. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे देवदिवाळीस, खंडोबाचे सहा दिवसांचे नवरात्र बसते आणि शुद्ध षष्ठीस ते उठते. मणी आणि मल्ल या दैत्यांच्या त्रासातून खंडोबाने लोकांची सुटका केली, त्याचे स्मरण म्हणून हा उत्सव होतो अशी श्रद्धा आहे. इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने हा दिवस बहुधा नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात येतो. २०२४ मध्ये तो ७ डिसेंबरला आला होता, तर २०२५ मध्ये २६ नोव्हेंबरला.

या दिवशीच्या नैवेद्यात पक्वान्नाचा थाट नसतो. शिजविलेल्या जोंधळ्यांत दही-मीठ कालवून केलेला ठोंबरा, बाजरीचा अथवा कणकेचा रोडगा, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा आणि लसूण, एवढेच पदार्थ. धनगर, शेतकरी आणि कष्टकरी यांच्या देवाला त्यांच्याच शेतातले आणि त्यांच्याच चुलीतले अन्न, असा हा प्रकार आहे. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे व भंडारा ठेवून 'येळकोट येळकोट जय मल्हार' या घोषात तळी उचलली जाते. खंडोबाच्या कुत्र्यांचा घास बाजूला काढला जातो आणि मग पाने वाढली जातात. नाशिक जिल्ह्यात खंडोबाची स्थाने पुष्कळ आहेत. ओझर येथे चंपाषष्ठीस मोठी यात्रा भरते व बारा गाडे ओढण्याचा कार्यक्रम होतो. देवळालीची खंडोबा टेकडी प्रसिद्धच आहे, आणि मालेगावजवळचे चंदनपुरी हे तर बानूबाईचे गाव म्हणून ओळखले जाते. घोटीच्या परिसरातील घराघरांतून मात्र हा सण मुख्यतः देव्हाऱ्यापुढे आणि चुलीपुढेच साजरा होतो.

पानाची डावी बाजू

मराठी पानाची मांडणी ठरलेली आहे. उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भात, पोळी किंवा भाकरी, आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर व भरीत. डाव्या बाजूच्या पदार्थांना तोंडीलावणे म्हणतात. त्यांनी पोट भरावयाचे नसते, तर जिभेला जाग आणावयाची असते. चंपाषष्ठीस मात्र हेच तोंडीलावणे पानाच्या मध्यभागी येऊन बसते, आणि रोडग्यासह तेच मुख्य अन्न होते. भाजलेल्या भाजीचा असा मान भारताबाहेरही आढळतो. लेबनॉन व सिरियाकडे वांगे विस्तवावर भाजून त्याच्या गरात तिळाचा लगदा आणि लिंबाचा रस घालतात, त्यास बाबा गनूज म्हणतात. रुमानियात भाजलेल्या वांग्याचे तेल-कांदा घातलेले भरीत पावावर लावून खातात. वांग्याचे मूळ मात्र आपल्याकडचे. संस्कृतातील वार्ताक आणि वृन्ताक ही त्याची जुनी नावे आहेत. आज जगात वांग्याच्या उत्पादनात चीननंतर भारताचाच क्रमांक लागतो.

महाराष्ट्रात भरताची खरी राजधानी म्हणजे खानदेश, हे नाशिककरांनीही मान्य करावयास हरकत नाही. जळगाव जिल्ह्यातील भरिताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात तेथे शेतावर तुरकाठ्या किंवा कपाशीच्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजतात, लाकडी भांड्यात कुटतात आणि कळण्याच्या भाकरीबरोबर पंक्तीच्या पंक्ती उठतात. घाटाखाली, रायगड जिल्ह्यात, त्याच ऋतूत पोपटी लावली जाते. मडक्याच्या तळाशी व तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून, आत वालाच्या शेंगा भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करावयाचा, अशी ही रीत आहे. घोटी या दोन्ही प्रदेशांच्या मधोमध, घाटमाथ्यावर वसलेली आहे. तिच्याजवळ कपाशीच्या काड्या नाहीत, पण भाताचा पेंढा, तूस आणि डोंगरातील लाकूडफाटा आहे. विस्तव जसा, तसे भरीत, असे जाणकार म्हणतात ते काही खोटे नाही.

वांग्याची पारख

भरताचे यश निम्मे बाजारातच ठरते. भरतासाठी वांगे मोठे, साधारण ३०० ते ४०० ग्रॅमचे, असावे. पण आकाराच्या मानाने ते हातास हलके लागले पाहिजे. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात, आणि अशा वांग्याचे भरीत कडवट व किरकिरीत होते. साल ताणलेली व चकचकीत असावी. बोटाने दाबल्यास दबून पुन्हा वर आली तर वांगे कोवळे आहे असे समजावे, आणि खळगा तसाच राहिला तर ते शिळे. देठ हिरवा व ताठ हवा. साल निस्तेज होऊन पिवळसर अथवा तपकिरी छटा आलेले वांगे जून झालेले असते. ते कितीही स्वस्त मिळाले तरी भरतास घेऊ नये. मांजरी गोट्यासारखी वांगी रश्श्याला किंवा भरून करावयास उत्तम. भरतास मात्र ज्यात गर अधिक व बिया थोड्या अशी मोठी जातच हवी. घोटीच्या अतिपावसाच्या पट्ट्यात पावसाळी वांगे फारसे टिकत नाही. तालुक्याच्या पूर्वेस टाकेदकडे आणि पुढे सिन्नरच्या बाजूस पाऊस कमी होत जातो, तेथे हे पीक सुखाने येते.

पारखीतील सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अळी. शेंडे व फळे पोखरणारी अळी ही वांग्याची प्रमुख शत्रू. तिचा पतंग पानांवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी प्रथम कोवळ्या शेंड्यात शिरते. शेंडा मान टाकतो, तो याच कारणाने. पुढे फळे धरली की ती देठाच्या कडेने फळात शिरते आणि आतला गर खात राहते. शिरतानाचे छिद्र अगदी बारीक असते आणि पुष्कळदा ते तिच्याच विष्ठेने बुजलेले असते. त्यामुळे वरून निर्दोष दिसणारे वांगे आतून पोखरलेले निघू शकते. यास्तव वांगे सबंध न भाजता त्यास एक खोल उभी चीर देऊन आतील भाग उजेडात पाहून घेणे आवश्यक आहे. ज्या घरी ही खबरदारी घेतली जात नाही, तेथे कधी ना कधी पंक्तीत मान खाली घालण्याची पाळी येते.

अळीचा हा प्रश्न केवळ स्वयंपाकघराचा नाही. सणाच्या तोंडावर वांग्यास मागणी येते, भाव चढतो, आणि एकही फळ किडके जाऊ नये या काळजीने तोडणीच्या आदल्या दिवशीही औषध फवारण्याचा मोह शेतकऱ्यास होतो. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणी व तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे हे छापलेले असते. ते अंतर न पाळल्यास औषधाचा अंश फळात राहतो, आणि नैवेद्याच्या ताटातून तो लहान मुलांच्या पोटात जातो. काही औषधे सालीवर न थांबता गरातही उतरतात. त्यामुळे धुऊन, भाजून आणि साल काढून सर्व दोष निघून जातो, ही समजूत पूर्णपणे खरी नाही. वाळलेले शेंडे व किडकी फळे दर आठवड्यास खुडून नष्ट करणे, नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावणे आणि ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करणे हे उपाय आरंभापासून योजले तर अखेरच्या दिवसातील घाई टळू शकते. जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याची निर्मितीही याच अळीला तोंड देण्यासाठी झाली होती. जालन्याच्या महिको कंपनीने ते विकसित केले, परंतु त्यावरील देशव्यापी वादानंतर ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र शासनाने त्याच्या लागवडीस स्थगिती जाहीर केली. शेजारच्या बांगलादेशाने मात्र २०१४ पासून ते शेतकऱ्यांना दिले.

विस्तव

वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. त्याच्या पेशींच्या मधून हवेच्या असंख्य पोकळ्या असतात. तळावयास घेतले असता याच पोकळ्यांत तेल शिरते, आणि वांग्याच्या भाजीला तेल पुरत नाही असा गृहिणींचा अनुभव आहे. वड्याचे तेल वांग्यावर काढू नये असे आपण म्हणतो, पण वांगे ते सारे तेल मुकाट्याने पिऊन टाकते एवढे खरे. भाजताना याच्या उलट घडते. साल ही भांड्याच्या झाकणासारखे काम करते. आतील पाण्याची वाफ होते, त्या वाफेत गर शिजतो, पेशींच्या भिंती ढिल्या पडतात, पोकळ्या मिटतात आणि फुगीर वांगे बसून मऊ होते. वांग्यात सुमारे ९२ टक्के पाणीच असल्याने बाहेरून पाण्याचा थेंबही लागत नाही, आणि तेल लागते ते केवळ वरच्या फोडणीपुरते. वजन राखू पाहणाऱ्यांसाठी किंवा तेल कमी करावयास सांगितलेल्यांसाठी सणाच्या पानातील हा पदार्थ म्हणूनच सोयीचा आहे. १०० ग्रॅम वांग्यातून जेमतेम २५ कॅलरी मिळतात.

वांगे भाजताना जाळ नको, निखारा हवा. जाळावर साल भराभर करपते, आत मात्र देठाकडचा भाग कच्चा राहतो. लाकडे पूर्ण पेटून त्यावर राखेचा पातळ थर चढला म्हणजे विस्तव तयार झाला असे समजावे. घोटीच्या भात गिरण्यांमुळे येथे तूस विपुल मिळते. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो. तूस भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते, त्यामुळे मंद व एकसारखी आच देण्यास ते उपयुक्त आहे. मात्र नव्याने टाकलेले तूस फार धुरावते. ते लाल होईपर्यंत थांबावे आणि वांगी थेट त्यात न पुरता लोखंडी जाळीवर ठेवावीत, म्हणजे राख गरास चिकटत नाही. रंगविलेल्या फळ्या, प्लायवुडचे तुकडे आणि प्लास्टिक यांचा या विस्तवास स्पर्शही होऊ देऊ नये. त्यांचा विषारी धूर वांग्यात उतरतो.

चिरलेल्या जागी लसणाच्या दोन पाकळ्या व एक हिरवी मिरची खोचावी आणि सालीवरून तेलाचा हात फिरवावा. चीर दिलेली नसेल तर निदान सुरीने चार-पाच ठिकाणी टोचावे. अन्यथा कोंडलेल्या वाफेने वांगे फुटते आणि जवळच्या माणसास भाजण्याचा धोका असतो. मध्यम आकाराच्या वांग्यास निखाऱ्यावर १५ ते २० मिनिटे लागतात. दर तीन-चार मिनिटांनी ते देठ धरून फिरवावे. साल सर्व बाजूंनी काळी पडून सुरकुतली, रस पाझरू लागला आणि देठालगत घातलेली सुरी विनासायास आत गेली की वांगे झाले. गॅसवर जाळी ठेवूनही हे काम होते. विजेच्या भट्टीत २०० अंश सेल्सिअसवर सुमारे ४० मिनिटांत वांगे शिजते, पण त्यास निखाऱ्याचा वास येत नाही. त्यावर शहरांतून एक युक्ती करतात. तयार भरतात वाटी ठेवून तीत एक पेटता निखारा ठेवावयाचा, त्यावर तुपाचे चार थेंब सोडावयाचे आणि पाच मिनिटे झाकण घालावयाचे. उसना वास असला तरी तो वाईट नसतो.

याच निखाऱ्यावर कांदे सालीसकट, टोमॅटो आणि रताळी भाजून घेता येतात. भाजलेल्या टोमॅटोचे भरीत हे तर स्वतंत्र तोंडीलावणे आहे. ज्यांना वांगे चालत नाही अशा पाहुण्यांसाठी ते करून ठेवणे हे चांगल्या यजमानाचे लक्षण होय. रताळ्याचे दह्यातले भरीत उपवासालाही चालते. लाल भोपळ्याची फोडही अशीच भाजता येते, पण तिला वेळ लागतो आणि ती निखाऱ्याच्या कडेला, दुरून भाजावी.

धुराची बाजू

निखाऱ्यावरच्या भरताचे कौतुक करताना त्या निखाऱ्यापुढे कोण बसते, हे विसरता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील स्वयंपाकाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यात लहान मुलांचीही संख्या मोठी होती. भारतात १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यातूनच 'निर्धूर चूल' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. पुढे १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस जोडण्या देण्यात आल्या. तरीही सणावारी, चवीसाठी किंवा सरपण फुकट मिळते म्हणून, चूल पेटतेच. ती पेटवावयासही हरकत नाही, परंतु भाजण्याचे काम उघड्या अंगणात, वाऱ्याच्या बाजूस पाठ करून व्हावे. आणि ते घरातील एकाच स्त्रीच्या गळ्यात पडू नये. तळी उचलण्यास जी पुरुषमंडळी पुढे होतात, त्यांनी वांगी फिरविण्यासही पुढे व्हावे, अशी अपेक्षा धरण्यात काही गैर नाही.

आणखी एका धोक्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. मार्गशीर्षात घाटमाथ्यावर थंडी कडाक्याची पडते. वांगी भाजून झाली की उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब यावी म्हणून घरात ओढून दारे-खिडक्या लावून घेण्याची सवय अनेकांना असते. बंद खोलीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास तो जागे होण्याची संधीही देत नाही. निखारे बाहेरच पाणी टाकून विझवावेत. तुसाचा ढीग तर वरून थंड दिसला तरी आत तासन् तास जिवंत असतो. पोरे खेळताना त्यात पाय घालतात. तो मोडून, पसरून त्यावर भरपूर पाणी ओतणे अगत्याचे आहे.

कुटणे आणि कालवणे

भाजलेली वांगी परातीत काढून दहा मिनिटे झाकून ठेवावीत. आतील वाफेने साल सुटते. साल काढताना वांगे पाण्याखाली धरू नये. त्यामुळे हात भाजत नाही हे खरे, पण चवही वाहून जाते. हात वारंवार पाण्यात बुडवून साल सोलावी. काळे कण थोडे राहिले तरी चिंता नाही, पण पूर्ण जळालेले पापुद्रे कडू लागतात, ते काढून टाकावेत. परात किंचित कलती ठेवल्यास तपकिरी, कडसर पाणी एका बाजूस निथळते. बिया अधिक असलेल्या वांग्याच्या बाबतीत हे पाणी टाकून द्यावे, कोवळ्या वांग्याच्या बाबतीत त्याची गरज पडत नाही. नंतर गर रवीने किंवा लाकडी मुसळीने कुटावा. मिश्रणयंत्रात घालू नये. तेथे गराचा गिळगिळीत लगदा होतो, आणि भरताची गंमत त्याच्या रेषेरेषेने सुटणाऱ्या पोतात आहे.

दहा माणसांच्या पंक्तीस २ किलो वांगी पुरतात. भाजून, सोलून त्यांचा साधारण निम्म्याहून थोडा अधिक गर मिळतो. त्यास भाजलेल्या ८ ते १० हिरव्या मिरच्या, लसणाच्या २० पाकळ्या, कांद्याच्या पातीच्या २ जुड्या, वाटीभर भाजलेले शेंगदाणे, मूठभर कोथिंबीर व चार-पाच चमचे तेल असे प्रमाण घ्यावे. मिरची, लसूण व थोडे मीठ प्रथम ठेचावे, मग त्यात गर घालून कुटावा. तेल तापवून त्यात मोहरी, जिरे, हिंग व शेंगदाणे परतावेत आणि ही फोडणी गरावर ओतावी. कांद्याची पात अगदी शेवटी, वाढण्यापूर्वी घालावी. मीठही चव पाहून शेवटीच घालावे, कारण मिठाने पाणी सुटते. शेंगदाण्यांत बुरशी आलेला, सुरकुतलेला किंवा काळसर दाणा दिसल्यास तो निवडून टाकावा. बुरशीचे विष भाजल्याने नष्ट होत नाही.

इगतपुरी तालुक्याच्या डोंगराळ भागात याच सुमारास खुरासणीचे पीक हाती आलेले असते. शेंगदाण्यांऐवजी भाजलेल्या खुरासणीचा कूट दोन चमचे घातल्यास भरीत काळपट दिसते खरे, पण त्याची खमंग चव बाबा गनूजातील तिळाची आठवण करून देईल अशी असते. शहरातील पाहुण्यांना काळा रंग पाहून शंका येते, एक घास घेतल्यावर ती राहत नाही. ज्यांना दह्यातले भरीत आवडते त्यांनी गर पूर्ण निवल्यावरच घट्ट, ताजे दही मिसळावे. गरम गरात दही फाटते. दही घातलेले भरीत कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात क्षणभरही ठेवू नये. आंबट पदार्थाने धातू उतरून कळकते आणि पोटास बाधते. सोललेला गर उघडा राहिला तर तपकिरी पडतो. तो नासलेला नसतो, केवळ हवेच्या संपर्काने रंग बदलतो. थोडा लिंबाचा रस चोळल्यास रंग टिकतो.

पंक्ती मोठी असेल तेव्हा

घरच्या दहा माणसांचे भरीत आणि वाडीतील १०० माणसांच्या प्रसादाचे भरीत यांत केवळ प्रमाणाचा फरक नसतो. १०० माणसांस २० किलो वांगी लागतात, म्हणजे ५० ते ६५ नग. ती भाजावयास सकाळी लवकर सुरुवात होते आणि पंक्ती बसते दुपारी, कधी आरती लांबल्यास दिवस कलताना. अन्न बिघडते ते या मधल्या वेळात. सोललेला गर ओलसर असतो, त्यास अनेक हात लागलेले असतात आणि तो कोमट परातीत पडून राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजविलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे.

मोठ्या पंक्तीत यावर सोपी तोड आहे. भाजलेली वांगी सोलण्याची घाई करू नये. ती सालीसकट, निखाऱ्याच्या कडेला गरम ठेवावीत. साल हेच त्यांचे उत्तम झाकण असते. मिरची-लसणाचा ठेचा, चिरलेली पात व दाणे वेगवेगळे झाकून ठेवावेत. आरती सुरू झाली की चार-पाच जणांनी साबणाने हात धुऊन सोलावयास बसावे आणि एका वेळी एकाच पंक्तीपुरते भरीत कालवावे. दुसऱ्या पंक्तीस दुसरी परात. बोटास जखम किंवा गळू असलेल्या, तसेच हगवणीने वा उलट्यांनी आजारी असलेल्या व्यक्तीने या कामास हात लावू नये, मग तिचा मान कितीही मोठा असो. पाणी विहिरीचे असेल तर ते निर्जंतुक केलेले असावे, कारण कच्ची पात आणि कोथिंबीर त्याच पाण्याने धुतली जाते. दह्याचे भरीत १०० माणसांच्या पंक्तीत न केलेलेच बरे.

पंक्ती उठल्यावर उरलेल्या कालवलेल्या भरताचा प्रश्न राहतो. प्रसाद टाकवत नाही, आणि रात्रीपर्यंत तो तसाच झाकून ठेवला जातो. त्याऐवजी ते लगेच कढईत घालून पुरती वाफ येईपर्यंत परतावे आणि थंड कपाटाची सोय असल्यास निवताच त्यात ठेवावे. ती सोय नसल्यास त्याच वेळी बाजरीच्या पिठात भरीत मळून थालीपीठे लावावीत. कोरडी भाजलेली ही थालीपीठे दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर न्यावयास चालतात, आणि पुष्कळ घरांतील मुले चंपाषष्ठीपेक्षा तिच्या दुसऱ्या दिवसाचीच अधिक वाट पाहत असतात.